नानांची माणसं

मंगळवार, २७ जून २०१७, दुपारचे सव्वातीन. धुळ्यात, पाचव्या गल्लीतल्या एका कर सल्लागाराच्या ऑफिसात, संगणकाच्या पडद्यावरच्या एका रिकाम्या चौकोनात मी माझा स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला. एवढंच. या कृतीबद्दल मी आजवर कुणाशी बोललेली नाही — आईशी नाही, नवऱ्याशी नाही, आणि ज्यांच्याशी बोलायला हवं होतं त्यांच्याशी तर नाहीच. तुम्हाला सांगते आहे, कारण तुम्ही मला ओळखत नाही. ओळखणाऱ्यांपुढे मी फार वर्षं फार चांगली दिसत आले आहे.

मी मूळची रसायनशास्त्राची. बी.एस्सी. झाल्यावर पुढच्या शिक्षणाचे पैसे जमेपर्यंत म्हणून नानांकडे नोकरीला लागले आणि तिथलीच झाले. नाना म्हणजे विक्रीकराच्या काळापासूनचे सल्लागार. अख्खा आग्रा रोड, म्हणजे धुळ्याची सगळी बाजारपेठ, त्यांना नानाच म्हणे. त्यांचं खरं नाव मला पहिल्या पगाराच्या चेकवर कळलं. व्यापारी महिन्याची बिलं कापडी पिशवीत कोंबून आणत आणि बाकावर ठेवून जात. पिशवी कुणाची हे मी न उघडता सांगू लागले. मिरचीवाल्याच्या पिशवीने सगळं ऑफिस शिंकायचं. तेलवाल्याची बिलं आरपार दिसायची. फारुखभाई खिडक्यांच्या जाळ्या बनवत; त्यांच्या प्रत्येक कागदावर गंजाचा अंगठा असे — लोहाचा ऑक्साइड, मी मनात म्हणायची. प्रयोगशाळा सुटली होती, पण नाक अजून तिथलंच होतं.

नाना मात्र पिशवीला आधी हात लावत नसत. आधी माणूस. "दुकानात कुणाला बसवलं? आईचं मोतीबिंदूचं झालं का?" मग बिलं. मला तेव्हा हा वेळेचा अपव्यय वाटायचा. वीस तारखेला सगळी विवरणपत्रं गेली की संध्याकाळी ते शेवभाजी मागवत आणि तिच्या तर्रीने घामाघूम झालेल्या माझ्याकडे बघून म्हणत, "विज्ञानवाली बाई, हाई शे खरं ॲसिड!" त्या संध्याकाळी मला अजून आठवतात. आज वीस तारखेला माझ्या ऑफिसात सगळे आपापल्या पडद्याकडे बघत डबा खातात.

मग जीएसटी आला. प्रत्येक व्यापाऱ्याची नव्याने नोंद करायची होती, आणि त्या नोंदीत तो चौकोन होता — मोबाईल नंबर. यापुढे प्रत्येक विवरणपत्र सादर करताना त्याच नंबरवर सहा आकडे येणार होते. दहा मिनिटं टिकणारे. ते आकडे नाहीत, तर विवरणपत्र नाही. नानांनी सांगितलं होतं, "ज्याना त्याना नंबर टाक व बेटा. ज्यानं दुकान, त्याले समजाले जोयजे."

मी ज्याचा त्याचा नाही, माझा टाकला. पहिल्याला, दुसऱ्याला, मग जवळजवळ सगळ्यांना. काही मोजके अपवाद राहिले, तेही त्यांच्याच हट्टामुळे. पापड-कुरडयांचं दुकान चालवणाऱ्या अक्कांनी तर की-बोर्डच स्वतःकडे ओढला होता — "मनं दुकान, मना नंबर! तू काय मनी सून शे का?" सगळे हसले. मीही हसले, आणि त्यांचा नंबर लिहिला.

सोय म्हणून केलं, असं म्हणता येईल. व्यापारी मेसेज बघत नाहीत, सिम बदलतात; या धंद्यात कितीतरी जण आपलाच नंबर देत. म्हणता येईल — पण तुम्हाला खरं सांगायचं ठरवलं आहे ना? त्या दुपारी माझ्या डोक्यात माझं स्वतःचं ऑफिस तयार होतं. जळगावात, काचेच्या दाराचं. त्यात माणसं कुठून येणार, एवढाच प्रश्न सुटायचा होता. तो सव्वातीनला सुटला.

पण कबूल करायचं ते हे नाही. ते याहून अलीकडचं आहे.

तीन वर्षांत मी बहिःस्थ बी.कॉम. केलं, जीएसटी प्रॅक्टिशनरची परीक्षा दिली आणि नोकरी सोडली. जळगावच्या ऑफिसचा नारळ नानांनीच फोडला. खोबऱ्याचा तुकडा माझ्या हातावर ठेवून म्हणाले, "धुळ्याचं नाव काढ." पहिले काही महिने त्यांचा फोन येई — आकडे सांग. मी लगेच सांगे. मग जरा थांबून सांगू लागले. बैठकीत होते. रेंज नव्हती. गाडी चालवत होते. अर्ज करून नंबर बदलून घेता येतो, हे मला ठाऊक होतं, नानांना नव्हतं. त्यांनी विचारलं नाही, की मी विचारायची वेळच येऊ दिली नाही?

एका महिन्याच्या वीस तारखेला संध्याकाळी फोन टेबलावर थरथरू लागला. नाना. त्याआधी क्षणभर फारुखभाईंच्या नावाने ते सहा आकडे येऊन पडले होते. मी मोकळी होते. समोर कुणी नव्हतं. मी फोनकडे बघत बसले. तो थांबला, पुन्हा वाजला, पुन्हा थांबला. प्रयोगशाळेत रंग बदलण्याची वाट पाहत उभं राहावं, तशी मी पाहत होते — शांतपणे.

फारुखभाईंचं विवरणपत्र उशिरा गेलं. दंड लागला. तो नानांनी स्वतः भरला, हे मला फारुखभाईंकडूनच कळलं. कारण आठवड्याभरात ते सकाळच्या एसटीने पिशवी घेऊन माझ्या काचेच्या दाराशी उभे होते. आत येताना चप्पल काढू का, म्हणून विचारत होते.

"ताई, नानांची तब्येत ठीक नाही का? कधी असं होत नव्हतं. मी काही बोललो नाही त्यांना, पण..."

इथे मला पुरेशी जागा होती. 'चूक माझी आहे, फारुखभाई' — एवढं वाक्य मावलं असतं. मी म्हणाले, "तब्येत बरी आहे. पण वय झालं आता. हे ऑनलाईन नानांना झेपत नाही."

हे. हे कबूल करायचं होतं.

ते वाक्य मी एकदाच बोलले. पुढे ते आग्रा रोडवर आपोआप फिरलं असावं. एकेक पिशवी जळगावला येऊ लागली, काही एसटीच्या पार्सलने, मग नुसते फोटो. लोक म्हणत, पोरीचं काम बघा, धुळ्याची माणसं एवढ्या लांब तिच्याकडे जातात! माझे सासरे पाहुण्यांना हेच सांगतात. मी मान खाली घालते, आणि तो विनय समजला जातो.

या जुलैत नाना आले. बँकेने त्यांच्या ठेवीच्या व्याजावर कर कापला होता. तो परत मिळवायला त्यांचं स्वतःचं आयकराचं विवरणपत्र भरणं भाग होतं. बारीक झाले आहेत. एसीकडे बघून त्यांनी शर्टाची वरची गुंडी लावली.

"हाई ऑफिस शे का केळीसनं कोल्ड स्टोरेज?"

मी हसले. त्यांनी पुढची पाच मिनिटं माझ्या मुलीच्या शाळेबद्दल विचारण्यात घालवली. मग माणसांबद्दल. मिरचीवाल्याच्या धाकट्याचं लग्न झालं का? तेलवाले अजून तेवढेच रागीट आहेत का? मला एकाचंही उत्तर माहीत नव्हतं. त्यांची बिलं मला ठाऊक होती.

"बरं झालं, माणसं तुझ्याकडे गेली ती," ते चहा बशीत ओतत म्हणाले. "मला हे ऑनलाईन खरंच झेपत नव्हतं व. फारुख सांगत होता, तूच बोलली त्याला. मला आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, पोरगी खोटं कशाला बोलेल? आपलंच आपल्याला कळत नाही."

त्यांनी कागद पुढे सरकवले. त्यात त्यांच्या उरलेल्या पक्षकारांची यादी होती. प्रत्येकाकडून महिन्याला पाचशे रुपये. सहा नावं. पहिलं अक्कांचं. मी खाली वाचत गेले आणि मला त्या दिवसांतले सगळे चेहरे एकेक करून दिसले. हे तेच सहा होते, ज्यांनी आपला नंबर आपल्याच हाताने दिला होता. त्यांच्यातला एकही माझ्याकडे आलेला नव्हता. आणि माझ्याकडे आलेल्यांपैकी एकाचाही स्वतःचा नंबर त्या चौकोनात नव्हता.

विज्ञान शिकलेल्या माणसाला यापुढे काय सांगायचं? एकच गोष्ट वेगळी होती, आणि तेवढ्यानेच सगळा फरक पडला होता. माझं काम नव्हे. नानांचं वय नव्हे.

तरी मी आणखी एक गोष्ट तपासली. कुठल्याही व्यापाऱ्याचं विवरणपत्र कधी सादर झालं, ते पोर्टलवर कुणालाही पाहता येतं. नाना चहा पीत होते, तेवढ्यात मी सहाही जणांचं पाहिलं. मी गेल्यापासूनचा प्रत्येक महिना. एकही दिवस उशीर नव्हता. सगळं त्यांनी एकट्याने भरलेलं होतं, त्यांना न झेपणारं ऑनलाईन.

पडदा माझ्याकडे होता. तो फिरवला असता तर त्यांनाही दिसलं असतं. ते चष्मा पुसत होते. मी ते पान बंद केलं आणि त्यांचं विवरणपत्र उघडलं.

"व्यवसायातून वर्षाची एकूण जमा किती लिहू, नाना?"

त्यांनी सांगितली. मी लिहिली. ३६,०००.