ओल काढणारी मावशी

मावशी कुठल्याही खोलीत शिरली की आधी भिंतीला तळहात लावायची. लेकराचा ताप बघावा तसा. मग हात पदराला पुसून म्हणायची, "आदी वल काडा. बाकीचं मागनं."

हे वाक्य तिला कुठंही चालायचं. लोणच्याला बुरशी आली, आदी वल काडा. वेटर शिंकला, आदी वल काडा. मालक-मालकिणीचं वाजलं तेव्हाही ती तव्याकडं बघत तेच पुटपुटली आणि आम्ही तोंड फिरवून हसलो. एकाच औषधावर सगळा संसार रेटणारी अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील.

पानशेत धरणाजवळच्या एका हॉटेलात ती भाकऱ्या थापायची, मी भांडी घासायचो. मी परभणीकडचा, नववीत शाळा सोडलेला. काम मिळालं, शिवाय मागच्या अंगाला राहायला खोली मिळाली, याचंच मला एवढं अप्रूप होतं की मालकापुढं तोंड उघडायचं धाडस होत नव्हतं. काही बोललो आणि आहे ते गेलं तर?

त्या खोलीत एक किडा यायचा. तपकिरी, चपटा, शेपटाला चिमटा. झोपलेल्या माणसाच्या कानात शिरतो म्हणून लहानपणापासून ऐकलेलं. मी कानात कापूस कोंबून झोपायचो. माझं एक वेळ निभावलं असतं, पण बोलण्याच्या ओघात ते फोनवर बायकोला सांगून बसलो. दिवाळीनंतर ती आमच्या लहान मुलीला घेऊन कायमची येणार होती. ती म्हणाली, "पोरीच्या कानात गेलं तर? आम्ही नाही येत."

मग मी जोर लावला. गोणपाट फिनेलच्या पाण्यात भिजवून दाराखालच्या फटीत कोंबलं. फिनेलचा वास उडून जायचा, पाणी तेवढं राहायचं. किडे कमी व्हायच्या ऐवजी वाढले. शेवटी मावशीला बोलावलं. तिनं गोणपाट उचलून झटकलं, तर त्यातून किड्यांची जत्राच सांडली.

"पावणं," ती म्हणाली, "दारात गारगार अंथरूण टाकलंय तुमी. मग कोन येनार न्हाई?"

त्याला अंधार लागतो, ओल लागते, माणसाच्या कानाशी त्याचं काही काम नसतं, असं तिनं ठासून सांगितलं. शनिवारी गर्दी असली की ती हॉटेलातच मुक्कामाला असायची. मी विचारलं, मग तुम्ही झोपताना कानाला फडकं का बांधता? "थंडी वाजती," एवढंच बोलून ती तरातरा चुलीकडं गेली.

तिच्या सांगण्यावरून फटी सिमेंटनं बुजवल्या. तेच गोणपाट गुंडाळून संध्याकाळी लांब बांधाकडं ठेवायचं आणि रात्रभरात त्यात जमलेले किडे सकाळी साबणाच्या पाण्यात झटकायचे, हेही चालू केलं. पण खरी ओल होती ती चुलीच्या लाकडांची. सगळी थप्पी माझ्या खोलीच्या मागच्या भिंतीला लावलेली. ती हलवायची तर मालकाला सांगायला पाहिजे. मी म्हटलं, राहू द्या मावशी.

रविवारी ऐन गर्दीत ती धुरकट भाकरी घेऊन गल्ल्यावर गेली. लाकडं त्या भिंतीला ओल धरतात, गिऱ्हाईक काय धूर खाणार का, असं मालकाला ऐकवून आली. संध्याकाळी मालकानंच लाकडं पत्र्याच्या शेडमध्ये न्यायला सांगितली. माझं नाव कुठं निघालंच नाही. सकाळी ओली लाकडं निवडून चुलीजवळ आणताना मात्र मी तिला पाहिलं होतं.

थप्पीतलं शेवटचं लाकूड उचललं, तर खाली पांढऱ्या बारीक अंड्यांवर एक किडा बसलेला. बाकीचे पळाले, ती मादी हलली नाही. मी चप्पल उचलली. मावशीनं हात धरला.

"अंड्यावर बसलीय."

मी म्हटलं, सकाळी तर तुम्ही बादलीभर बुडवले.

"ते रिकामटेकडं व्हतं," मावशी म्हणाली आणि मातीसकट तिला उलथन्यावर घेऊन बांधावर सोडून आली. उलथनं नंतर धुतलं असेल, असं मी धरून चालतो.

भिंतीला ऊन लागलं, खोली सुकली. बायको तरी मानेना. दिवाळीच्या तोंडावर मावशीचे गुडघे धरले आणि तिची लेक तिला कायमची किकवीला आपल्या घरी न्यायला आली. एसटी यायच्या आधी मावशीनं मला बायकोला फोन लावायला लावला आणि मोबाईल स्वतःच्या कानाला धरला. "मी हितली भाकरीवाली," ती म्हणाली. "खोली म्या बगितलीय. पोरीला घिऊन या." मोबाईल माझ्या हातात दिला आणि काठी टेकत गेली.

त्या दोघी आल्या. पहिल्या रात्री बायको पोरीला मांडीवर घेऊन भिंतीला टेकून बसून राहिली. सकाळी तिनं कोपरे झाडले, पत्र्याची पेटी सरकवून खाली पाहिलं. धूळ निघाली फक्त. मग केस बांधत तिनं विचारलं, "इथं अंगणवाडी कुठं हाय?"

मी तसाच पळत स्वयंपाकघरात गेलो आणि सवयीनं दारातूनच सांगितलं, "मावशी, पोरगी अंगणवाडीत जाणार."

चुलीपुढं नवी बाई होती. तिनं पिठाचे हात तसेच धरून वर पाहिलं.

"जाऊ द्या की," ती म्हणाली.