न मोजलेले कर्ण

परळला कबड्डीचं मैदान आखायचं म्हटलं की दौलतकाकांशिवाय पान हलत नसे. वय अडुसष्ट, गुडघे कुरकुरणारे, पण रेषा आखायच्या पांढऱ्या फक्कीचं घमेलं हातात आलं की माणूस पार बदलायचा. छापखान्यातली नोकरी संपून जमाना झाला, आखणीचं काम मात्र चाळीस वर्षं हौसेने चालूच होतं.

ही विद्या त्यांना दिली वासंतीबाईंनी. बाई प्रभादेवीच्या, शाळेत गणित शिकवायच्या. तरुणपणी काका चाळीत आकाशकंदील बांधत बसले होते आणि चारही काड्या सारख्या कापल्या म्हणजे चौरस झालाच, अशी फुशारकी मारत होते. बाईंनी समोरासमोरचे दोन कोपरे बोटांनी नुसते दाबले. काड्या तेवढ्याच राहिल्या, चौरस मात्र लवंडून समभुज चौकोन झाला! काकांचं तोंड उघडंच. मग बाईंनी समजावलं, की समोरासमोरच्या बाजू सारख्या भरल्या म्हणून आयत होत नाही, समांतरभुज चौकोनाच्याही भरतात. कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंतची दोन तिरकी अंतरं, म्हणजे दोन्ही कर्णसुद्धा सारखे आले, तरच चारही कोपरे काटकोनात. समलंब आणि पतंग हे चौकोनही शिकवले होते बाईंनी, ते काकांनी केव्हाच धुऊन टाकले. कर्ण तेवढे डोक्यात बसले. बाई गेल्या, तरी तिरकी टेप धरताना काका मनातल्या मनात त्यांना हात जोडत.

त्या रविवारी मात्र घात झाला. सकाळी मुलांचे सामने झाले होते. मुलींचं मैदान लहान, म्हणून दुपारी रेषा पुसून त्यांच्या अंतिम सामन्यासाठी नव्याने आखणी करायची होती. तेवढ्यात पाहुणे तासभर आधीच नारळ फोडायला हजर. मंडळाचा चिटणीस हितेंद्र मागे उभा राहून आटपा, आटपा करतोय, गुडघा ठणकतोय. काकांनी चार बाजू मोजल्या, बरोबर भरल्या, आणि चाळीस वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, जाऊ दे, कर्ण नको.

सामना शेवटच्या चढाईपर्यंत बरोबरीत होता. चढाईला गेली अनुजा, लालबागची एकोणीस वर्षांची पोर, वाऱ्यासारखी चपळ. तिने एकीला शिवलं आणि बाहेरच्या रेषेच्या कडेकडेने, नजर समोरच्या मुलींवर ठेवून, नेहमीसारखी परत सुटली. मधली रेषा दोन पावलांवर असताना शिट्टी वाजली. पाय रेषेबाहेर! एका गुणाने संघ हरला. तिचे प्रशिक्षक अजितसर सगळ्यांदेखत कडाडले, की हिला रेषेचं भानच नाही, हिला मोठ्या सामन्यात उतरवून चूक झाली. बाजूला बसून पोरीने गुडघ्याची पट्टी सोडली आणि घरी फोन लावून आईला सांगितलं, की मी आजपासून कबड्डी सोडली.

घमेलं उचलायला आलेल्या काकांच्या कानावर ते पडलं आणि त्यांना न मोजलेले कर्ण आठवले. मैदान अजून तसंच होतं. त्यांनी टेप काढली, एका टोकाला खिळा ठोकला आणि लंगडत लंगडत दोन्ही कर्ण मोजले. दीड फुटाचा फरक! आयत कसला, अख्खं मैदान तिरकं गेलं होतं. सरळ पळणाऱ्या माणसाच्या पायाखाली बाहेरची रेषा आपणच वीतभर आत सरकत होती.

गप्प बसले असते तर कुणाच्या बापाला कळलं नसतं. चाळीस वर्षांचं नाव तसंच राहिलं असतं. क्षणभर तसा मोह झालाही, खोटं कशाला सांगू? पण काका तडक पंचांच्या टेबलाशी गेले आणि हितेंद्र, अजितसर, सगळ्यांसमोर म्हणाले, "मैदान वाकडं आखलंय. मी कर्ण मोजले नाहीत. पोरीची चूक नाही."

हितेंद्रने डोक्याला हात लावला. पंच म्हणाले, निकाल दिला तो दिला, आता फिरत नाही. पुढच्या वेळी तयार मॅट आणू, असंही कुणीतरी पुटपुटलं. काकांनी सगळं खाली मान घालून ऐकून घेतलं.

वर पाहिलं तर समोर अनुजा. दोन शिव्या घालेल, हक्कच आहे तिचा, असं समजून ते उभे राहिले.

"काका, म्हणजे मी सरळच पळत होते?"

"एकदम सरळ, पोरी. रेषाच वाकडी होती."

तिचे डोळे भरून आले. ती वाकली आणि तिने काकांच्या फक्कीने पांढऱ्या झालेल्या पायांवर डोकं टेकवलं. काकांनी तिला उठवलं, आणि त्यांच्या तोंडी एकदम गावची बोली आली.

"अगो, चूक माजी, आणि पाया तू कसल्या पडतंस?"

"पुढच्या वेळीही मैदान तुम्हीच आखा," ती म्हणाली, आणि आईला पुन्हा फोन लावायला वळली.