कर्स्टीचा अजगर

लॉर्ना क्विल्टीला सापांची भीती वाटायची, असं म्हटलं तर ते कमीच पडेल. तिला सापांचा राग होता. तपकिरी सापानं तिचा कुत्रा मारला होता, तोही मागच्या नळाखाली, भर दुपारी. तेव्हापासून तिच्या मागच्या दाराशी कायम एक फावडं उभं असायचं आणि अंगणात दिसलेला साप परत जात नसे. विषारी होता की बिनविषारी, हे ती मारून झाल्यावर विचारायची.

मी तिच्या शेजारी राहत होते. गावच्या इस्पितळाच्या स्वयंपाकघरात आम्ही दोघींनी अर्धं आयुष्य एकाच ओट्यावर बटाटे सोलण्यात घालवलं. त्यामुळे तिचा मुलगा डेमियन जेव्हा कर्स्टी पास्कोला घरी राहायला घेऊन आला, आणि कर्स्टीनं कपड्यांच्या बॅगेबरोबर उशीच्या अभ्र्यात बांधलेला साप आणला, तेव्हा मी हातातलं काम टाकून कुंपणापाशी गेले. आता काय होतंय ते मला बघायचं होतं.

कर्स्टी पेट्रोल पंपावरच्या खानावळीत काम करायची. दोन्ही गालांवर उन्हाचे ठिपके, बोलताना हातवारे. तिनं अभ्रा उघडून लॉर्नाला आत बघायला लावलं. फिकट मातकट रंगाचा, अंगभर तांबूस ठिपके असलेला, काठीएवढा जाड एक प्राणी आपल्यातच गुंडाळून बसला होता.

"अजगर आहे हा, पण लहान जातीचा. याहून फार वाढणार नाही," कर्स्टी म्हणाली. "उंदराहून मोठं काही त्याच्या घशाखाली उतरायचं नाही."

"माझ्या फ्रीजरमध्ये उंदीर ठेवलास तर दोघांनाही बाहेर काढीन," लॉर्ना म्हणाली. दोघांना म्हणजे कुणाला, ते तिनं सांगितलं नाही.

महिन्याभरात आइस्क्रीमच्या डब्यामागे उंदरांची पिशवी आली. कर्स्टीला नाही म्हणणं अवघड होतं. सापाचं नाव तिनं बिस्किट ठेवलं होतं. मागच्या खोलीत त्याची काचेची पेटी, वर दिवा, खाली गरम होणारी चटई, कोपऱ्यात लपायला कौलाचा तुकडा. त्या खोलीचं दार बंद राहील, या अटीवर लॉर्नानं सगळं चालवून घेतलं. कर्स्टीचा बाप व्हिन्स मात्र त्या घरी कधी आला नाही. बायको गेल्यावर त्यानं पोरीला एकट्यानं वाढवलं होतं आणि डेमियन त्याला पहिल्यापासून पसंत नव्हता. पोरगा वाईट नाही, पण प्यायला लागला की थांबत नाही, असं तो चारचौघांत म्हणायचा. त्यात खोटं काही नव्हतं.

त्या वर्षी जूनमध्ये शेजारच्या गावी घोड्यांच्या शर्यती होत्या. येताना गाडी डेमियन चालवत होता आणि तो भरपूर प्यायलेला होता. कर्स्टीनं त्याच्याकडे किल्ली मागितली होती, हे पुढे कोर्टात त्याच्याच मित्रानं सांगितलं. कोरड्या नाल्याच्या वळणावर गाडी कच्चा रस्ता सोडून उलटली. कर्स्टी जागच्या जागी गेली. डेमियनचं खांद्याचं हाड मोडलं.

व्हिन्स नगरपालिकेच्या रस्त्यांवर काम करायचा. कच्चे रस्ते सपाट करायचं मोठं यंत्र तोच चालवायचा, आणि तो नाला त्याच्याच हद्दीत होता. पुढे दर पावसानंतर त्याला तिथून यंत्र फिरवावं लागलं. दुसऱ्या कुणाला पाठवू का, असं साहेबानं विचारलं होतं म्हणे. त्यानं नको म्हणून सांगितलं.

डेमियनला आठ वर्षांची शिक्षा झाली. दूर टाउन्सव्हिल शहरातल्या तुरुंगात नेलं त्याला. लॉर्नाला कुणी तोंडावर काही बोललं नाही. ती दुकानात शिरली की आतलं बोलणं थांबायचं, एवढंच. खाटीक मांस तोलून द्यायचा आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळायचा. आमच्या गावात एवढं पुरतं.

कर्स्टीचं सामान न्यायला तिची आत्या आली. कपडे, बूट, फोटो, सगळं भरलं. साप तेवढा ठेवून गेली. मी त्याला हात लावणार नाही, म्हणाली. लॉर्नानं दार लावलं आणि ते बंदच ठेवलं.

बरेच आठवडे गेले. एका सकाळी ती कुंपणाशी येऊन म्हणाली, "ऑड्री, जरा चल माझ्याबरोबर. तो आत मेला असणार. वास येण्याआधी काढायला हवा."

तिच्या हातात फावडं होतं. आम्ही आत गेलो. पाण्याचं भांडं ठणठणीत कोरडं होतं. कौलाखालून डोकं बाहेर आलं, जीभ लवलवली. साप हडकला होता, पण जिवंत होता. लॉर्नानं पेटीचं झाकण सरकवलं. फावडं उचललं. मी मान फिरवली. बराच वेळ काही आवाज आला नाही, म्हणून मी वळून बघितलं, तर ती फावडं भिंतीला टेकवत होती.

"पाणी आण," ती म्हणाली.

शाळेतल्या एका शिक्षकाकडे असाच साप होता. त्याच्याकडून ती सगळं शिकून आली. उंदीर कोमट पाण्यात भिजवून वितळवायचा, लांब चिमट्यात धरून सापापुढे हलवायचा. पहिल्या वेळी मी खोलीच्या दारात उभी होते. सापानं झडप घातली आणि लॉर्नानं चिमटा, उंदीर, साप सगळं सोडून न्हाणीघरात जाऊन ओकून घेतलं. मग तोंड धुऊन परत आली आणि उंदीर शेपटीपर्यंत आत जाईस्तोवर समोर बसून राहिली.

तुरुंगातून डेमियनचा फोन आला तेव्हा त्यानं पहिलं तेच विचारलं. बिस्किट जिवंत आहे का. आहे, ती म्हणाली. मी येईपर्यंत सांभाळ, तो म्हणाला. ती हो म्हणाली. त्यानंतर बसनं दिवसभराचा प्रवास करून ती त्याला भेटायला जायची आणि परत आली की मी विचारायचे, काय बोललात?

"सापाबद्दल. कात टाकली, खाल्लं, नाही खाल्लं. दुसरं काय बोलणार? तिचं नाव त्याच्या तोंडून निघत नाही. माझ्याही नाही."

वर्ष उलटून गेल्यावर एका रविवारी व्हिन्स पास्को तिच्या फाटकाशी येऊन उभा राहिला. मी माझ्या ओसरीवर होते. मला वाटलं, आता हा माणूस इतके दिवस पोटात ठेवलेलं सगळं बाहेर काढणार. लॉर्नालाही तेच वाटलं असावं, कारण ती हात पुसत आली आणि समोर सरळ उभी राहिली.

"तिचा साप तुझ्याकडे आहे असं ऐकलं," तो म्हणाला.

"आहे."

"जिवंत?"

"खातोपितो."

तो फाटकाची कडी बोटानं वरखाली करत राहिला. "बघू दे," म्हणाला.

तो आत गेला, हात खिशात ठेवून काचेसमोर उभा राहिला आणि निघून गेला. पुढच्या रविवारी परत आला. मग येतच राहिला. लॉर्ना चहा करून ठेवायची. सुरुवातीला तो तसाच गार व्हायचा. केव्हातरी तो प्यायला लागला. मग ती केकचा तुकडाही ठेवू लागली. डेमियनचं नाव दोघांपैकी कुणी काढलं नाही. गावात अर्थातच कुजबुज सुरू झाली. मीही तिला चिडवलं, केक हल्ली बरे फुगतात म्हणून.

"तो माझ्याकडे बघत नाही गं," ती म्हणाली. "काचेकडे बघतो. मी चहा ठेवते तेव्हासुद्धा."

एकदा मी तिथे होते. हिवाळा होता. सापानं नुकतीच कात टाकली होती आणि रंग उजळला होता. लॉर्नानं तो पेटीतून काढला. तोवर ती त्याला दोरीच्या गुंड्यासारखा सहज उचलायला शिकली होती. तिनं तो व्हिन्सच्या हातावर ठेवला. साप सावकाश त्याच्या मनगटाभोवती फिरला आणि बाहीत डोकं घालून थांबला.

"हा ओळखतो का कुणाला?" व्हिन्सनं विचारलं.

"नाही. त्याला ऊब कळते आणि उंदीर कळतो."

"कर्स्टीला ओळखायचा?"

हो म्हणून टाकावं असं मनात आलं होतं, असं लॉर्नानं नंतर मला सांगितलं. पण ती म्हणाली, "नसावा."

व्हिन्सनं मान हलवली. "बरं झालं. मग वाट तरी बघत नसेल."

मी उठून स्वयंपाकघरात गेले आणि धुतलेले कप पुन्हा धुतले.

अशी चार वर्षं गेली. मग डेमियनला लवकर सोडणार असल्याचं कळलं. आई म्हणून ती खूश होती का? असेल. पण त्या आठवड्यात तिनं इस्पितळात दोनदा सूप करपवलं. रविवारी व्हिन्स आला, तेव्हा तिनं चहा ओतायच्या आधीच सांगून टाकलं. मी कुंपणापलीकडे कपडे वाळत घालत होते आणि खिडकी उघडी होती.

"डेमियन सुटतोय. मार्चमध्ये."

"इथेच येणार?"

"दुसरीकडे कुठे जाणार?"

"साप मला दे," व्हिन्स म्हणाला.

"त्याच्यासाठी सांभाळते असं मी त्याला सांगितलंय, व्हिन्स. दर भेटीत सांगितलंय."

"लॉर्ना, तुझा पोरगा घरी येतोय."

एवढंच तो म्हणाला. आवाज चढला नव्हता. खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि नंतर पेटीच्या दिव्याची वायर काढताना लॉर्ना कण्हली, तो आवाज आला. तिची पाठ तेव्हा दुखायची. पेटी उचलायला तिनं मला हाक मारली. आम्ही तिघांनी ती व्हिन्सच्या पिकअपमध्ये ठेवली. साप तिनं उशीच्या अभ्र्यात घालून त्याच्या मांडीवर दिला आणि फ्रीजरमधली उंदरांची पिशवीही दिली. थंडीत दिवा बंद करू नकोस, कात टाकताना भांडं मोठं ठेव, असं ती गाडी सुरू होईपर्यंत सांगत होती.

डेमियन आला तो केस पांढरे झालेला आला. तिशी नुकतीच ओलांडली होती त्यानं. बॅग ठेवून सरळ मागच्या खोलीत गेला आणि लगेच बाहेर आला.

"कुठाय?"

"व्हिन्सकडे."

"तू म्हणाली होतीस..."

"हो. म्हणाले होते. त्यानं मागितला."

लॉर्नाची अपेक्षा होती की तो चिडेल, काहीतरी आपटेल. तो खुर्चीत बसला आणि म्हणाला, "त्यानं मागितला तर द्यायलाच हवा." तो ओरडला असता तर बरं झालं असतं, असं ती मला म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तो व्हिन्सच्या घरी गेला. हे पोस्टमन बाईनं बघितलं. व्हिन्स ओसरीवर बसला होता. डेमियन फाटकाबाहेर टोपी हातात घेऊन उभा राहिला. व्हिन्स उठला, आत गेला, दार लावून घेतलं. डेमियन उन्हात तसाच उभा होता. बाई पुढचं सगळं टपाल वाटून परत आली तरी तो तिथेच होता. त्यानंतर आठवडाही तो गावात राहिला नाही. पश्चिमेकडच्या खाणींवर काम मिळतं, म्हणाला. नाताळला फोन करायचा. सापाचा विषय आता उरला नव्हता, त्यामुळे फोन लवकर संपायचे.

रविवार रिकामे झाले. लॉर्ना माझ्याकडे येऊन बसायची. एकदा दुकानात व्हिन्स समोर आला. मी तिच्याबरोबर होते.

"बरा आहे?" तिनं विचारलं.

"बरा आहे. खातो."

"मी येऊ का एखाद्या रविवारी? बघून लगेच जाईन."

"नको, लॉर्ना."

ती हलली नाही, म्हणून त्याला पुढे बोलावं लागलं. तो तिच्याशी कधी वाकडं बोलला नव्हता आणि तेव्हाही बोलला नाही. "तुझ्याकडे यायचो तेव्हा मला सापाकडे बघता यायचं," तो म्हणाला. "तू माझ्या घरात आलीस, तर मला तुझ्याकडे बघावं लागेल."

"बरं," ती म्हणाली आणि पाव घेऊन बाहेर आली.

त्यानंतरच्या दुसऱ्या हिवाळ्यात तिचं हृदय थकलं. जिथे आयुष्यभर स्वयंपाक केला त्याच इस्पितळात ती गेली. डेमियन कुणाचा तरी कोट घालून आला होता, बाह्या लांब होत्या. दफनाला आम्ही थोडेच होतो. व्हिन्स आला, पण कुंपणाच्या आत आला नाही. रस्त्याकडेला पिकअपपाशी उभा राहिला. सगळं आटोपल्यावर मी त्याच्याकडे गेले.

"शेवटी काही म्हणाली का?" त्यानं विचारलं.

"कशाबद्दल?"

"काहीही."

शेवटी ती शुद्धीवरच नव्हती, असं मी सांगितलं. त्यानं मान हलवली, टोपी घातली आणि गाडी वळवून गेला.

मी परत आले तर डेमियन तिथेच उभा होता. "व्हिन्स माझ्याबद्दल काही बोलला का?" त्यानं विचारलं.

"नाही," मी म्हटलं.

दुसऱ्या दिवशीच्या विमानानं तो गेला. घर विकायला काढलंय. अजून कुणी बघायला आलेलं नाही.