ट्रेखाली धरलेला हात

पडघ्याच्या पुढे, हायवेपासून आत, रामनाथशेठनी आपल्या भातशेतीच्या जागेवर एक छोटा कारखाना काढला होता. दोन हजार चार साली मी तिथे केमिस्ट म्हणून लागलो. भिवंडीच्या मागांवर विणलेल्या कापडात खळ असते. ती काढायला जे औषध लागतं ते आम्ही बनवायचो. बनवायचो म्हणजे, बनवायची बुरशी, आम्ही नुसती नजर ठेवायचो. वाफवलेला गव्हाचा कोंडा ट्रेमध्ये पसरायचा, त्यावर बुरशीचं बी टाकायचं आणि बंद, उबदार खोलीत दीड दिवस आंबू द्यायचं.

बुरशी पांढरी असतानाच ट्रे काढावे लागतात. उशीर झाला की ती हिरवी पडते, औषधाला रंग उतरतो आणि पांढऱ्या कापडाला ते चालत नाही. म्हणजे सगळा धंदा बुरशी किती वाढली हे वेळेवर कळण्यावर, आणि तिथेच तर गोची होती. बुरशी कोंड्यात अशी गुंतते की तिला वेगळी काढून तोलता येत नाही. मी कॉलेजात शिकलेली एक रीत होती, पण तिचा रिपोर्ट यायला दोन दिवस लागायचे. तोवर ट्रे धुऊन वाळतसुद्धा. भिंतीवर एक थर्मामीटर होता. त्याला खोलीची हवा कळायची, दोनशे ट्रेंच्या पोटातलं नाही.

ते कळायचं सरूला. सरू दिघाशीकडच्या पाड्यावरची, पस्तिशीची, ट्रे धुवायला म्हणून रोजावर आलेली. ट्रेच्या तळाला हात लावायची, कोंड्यावर अंगठा दाबायची आणि सांगायची: लागलंय, भरत आलंय, पुरं. बुरशी वाढताना तापते हे मीही पुस्तकात वाचलं होतं, पण पुस्तक ट्रेखाली धरून काही कळत नाही. मी सरूच्या ‘लागलंय’चे तीस टक्के करायचो, ‘भरत आलंय’चे सत्तर, आणि खाली माझी सही ठोकायचो. शेठ पाहुण्यांना ती वही दाखवत, मनोजचं गणित चुकत नाही म्हणत. मी मान खाली घालून हसायचो. लाज? तेव्हा नाही वाटली.

पहिलं वर्ष संपता संपता तिला खोकला लागला. ट्रेमधल्या, आंबून घट्ट झालेल्या कोंड्याच्या वड्या फोडताना बारीक धुरळा उडायचा, आणि ते काम ती नाकाला पदर बांधून करायची. मी शेठकडे मास्कचा विषय एकदा काढला. पुढच्या महिन्यात बघू म्हणाले, आणि पुढच्या महिन्यात मी तो पुन्हा काढला नाही. सुट्टी घे, डॉक्टरला दाखव, असं तिला तरी सांगायला हवं होतं. सांगितलं नाही, कारण ती घरी बसली तर माझी वही कोरी राहिली असती. खरं कारण एवढंच.

दुसऱ्या वर्षी, गणपतीच्या आधीच्या आठवड्यात, ती शाल गुंडाळून कामाला आली. दुपारी तिनं ट्रेखाली हात धरला, काढून पुन्हा धरला, आणि अजून भरलं नाही म्हणाली. संध्याकाळीही तेच. घड्याळाप्रमाणे वेळ झाली होती, पण माझा घड्याळापेक्षा तिच्यावर भरवसा. साठ टक्के लिहून मी घरी गेलो.

सकाळी दार उघडलं तर दोनशेच्या दोनशे ट्रे शेवाळासारखे हिरवे.

शेठनी आवाज चढवला नाही. वही मागवली आणि विचारलं, हा साठ कुणी काढला? दोन वर्षं ज्या आकड्यांवर मी शाबासकी खाल्ली, त्यातला हा एकच मी दुसऱ्याच्या माथी मारला.

“सरूनं सांगितलं,” मी म्हणालो. “कालच्यापुरतं तिच्यावर सोपवलं होतं.”

ट्रे धुणारीला विचारून माल काढतोस का, म्हणून त्यांनी मला झापलं. मग म्हणाले, तिला सांग, उद्यापासून येऊ नकोस. मला मात्र ठेवलं. डिग्री माझ्याकडे होती.

सरू नळाजवळ बसली होती. मी सांगितलं तेव्हा तिनं वाद घातला नाही. उठताना तिचा तोल गेला आणि आधाराला तिनं माझं मनगट धरलं. चटका बसला. अंगात सपाटून ताप होता.

“कालपासून समदंच गार लागतंय, सायेब,” ती म्हणाली. “ट्रेबी, तुमचा हातबी.”

तेव्हा मला उमगलं. तापलेल्या हाताला तापलेला ट्रे कोमट लागला होता. तिच्या हातात खोट नव्हती. आजारी बाई कामावर उभी होती, आणि माझ्या सोयीसाठी उभी होती. शेठ दहा पावलांवर गाडीचं दार उघडत होते. एक हाक पुरली असती. पण मग त्यांनी पुढचं विचारलं असतं, आणि दोन वर्षांच्या सगळ्या सह्या उघड्या पडल्या असत्या.

“माझाच हात चुकला ना?” तिनं विचारलं. ती खरंच विचारत होती.

“हो,” मी म्हणालो. “होतं असं कधी कधी.”

तिनं मान डोलावली आणि निघाली. फाटकापर्यंत मी बघत होतो. उजवा हात पदराला पुसत पुसत ती चालली होती.