अलार्मच्या आधी

शैला गेल्याची बातमी ऑफिसच्या ई-मेलने आली. डेंग्यू झाला होता, चार दिवसांत सगळं संपलं. मेलमध्ये तिला ‘आपली सर्वोत्तम प्रशिक्षक’ म्हटलं होतं, आणि माझी नजर आधी त्या ‘सर्वोत्तम’वर थांबली... रडू नंतर आलं. पाच आठवडे झाले, हे कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघी एकाच दिवशी हिंजवडीच्या त्या कंपनीत लागलो. कारखान्यांतल्या बॉयलर ऑपरेटरांना शिकवण्यासाठी तिथे एक खोटी कंट्रोल रूम होती. पॅनेल खरं, बटणं खरी, पलीकडे बॉयलरऐवजी कॉम्प्युटर. नव्यांनी आधी स्वतः शिकायचं. आम्हाला शिकवणारे सर काहीच समजावून सांगत नसत. दिवसभर पुन्हा पुन्हा ते कॉम्प्युटरमधला बॉयलर बिघडवायचे आणि आम्ही तो सावरायचा. हाताला शिकू दे, डोक्याला मागाहून सांगू, असं त्यांचं म्हणणं. मी मात्र प्रत्येक बिघाडाचा नियम वहीत उतरवायचे. माझ्या इंग्रजी शाळेमुळे ते मला ‘कॉन्व्हेंट’ म्हणत. “कॉन्व्हेंट, परीक्षा नाहीये ही. वही बॅगेत ठेवा,” सर म्हणाले. मग मी घरी जाऊन लिहायला लागले.

शैला खडकीच्या क्वार्टर्समधली, मराठी शाळेत शिकलेली. मीटिंगमध्ये इंग्रजी बोलायची वेळ आली की माझ्याकडे बघायची. पण पॅनेलसमोर सगळे काटे जागेवर असताना, अलार्म वाजायच्या कितीतरी आधी, तिचा हात बॉयलरला पाणी देणाऱ्या राखीव पंपाच्या बटणावर असायचा. कसं कळलं, मी विचारलं.

“कळलं नाही गं, हात गेला.”

मला वाटलं, युक्ती लपवतेय. त्या दिवसापासून मी डबा वेगळा खायला लागले.

पुढे प्रशिक्षकाची एकच जागा निघाली. तिला मिळाली. महिन्याभराने ती माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. “तुझी ती वही देतेस? पोरं विचारतात, असं का केलंत. मला सांगता येत नाही गं. तुझं बरंय, तुला सगळं शब्दांत येतं.” तिलाही माझं काही हवंसं वाटतं, हे ऐकून मला बरं वाटलं. तरी मी म्हणाले, वही हरवली. वही ड्रॉवरमध्येच होती, तिच्या हातापासून वीतभर अंतरावर. “असू दे,” म्हणाली आणि गेली.

आता तिचं काम माझ्याकडे आलंय. परवा एका नव्या मुलीला पॅनेल दाखवत होते. सगळं शांत होतं, आणि माझा हात राखीव पंपाकडे गेला. पाण्याचा काटा त्यानंतर घसरू लागला. शैलाचा हात पहिल्याच महिन्यात तिकडे गेला होता. माझा जायला सहा वर्षं लागली... तेव्हाही मनात आधी हेच आलं.

“मॅडम, आधीच कसं कळलं तुम्हाला?” मुलीने विचारलं. मी वही उघडली, पानं उलटली. त्यात ते नव्हतं.

“हात गेला,” मी म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलं. मी काहीतरी लपवतेय, असंच तिला वाटलं असणार.

शैला उंच होती. पॅनेलसमोरची खुर्ची अजून तिच्याच उंचीवर आहे; माझे पाय जमिनीला टेकत नाहीत. मी ती खाली केलेली नाही.