उमरेडातली नऊ जेवणं

माझं लग्न झालं तेव्हा मी नागपूरला बी.ए.च्या दुसऱ्या वर्षाला होतो. उमरेडच्या आमच्या विणकर आळीतून कॉलेजात गेलेला मी पहिलाच. हे अभिमानाने लिहावं की संकोचाने, ते मला अजून नीट ठरवता येत नाही. नंदनवनात मी एक खोली घेतली होती. बायको शेतकऱ्याच्या घरची, नववी शिकलेली. तिला त्या खोलीत न्यायचं आणि बाहेरून मॅट्रिकला बसवायचं, असं मी मनाशी धरलं होतं. फारम भरायची मुदत त्याच आठवड्यात संपत होती. पण घरात शेवटचा शब्द मोठ्या बाबांचा, म्हणजे वडिलांच्या थोरल्या भावाचा. त्यांना विचारल्याशिवाय वडील मागाला नवा दोरही बांधत नसत.

आमच्याकडे नव्या जोडप्याला भाऊबंद जेवायला बोलावतात आणि कुणालाही नाही म्हणायचं नसतं. सात दिवसांत आम्ही नऊ घरी जेवलो. सकाळी एकीकडे पाटवडी, संध्याकाळी दुसरीकडे कोथिंबिरीची सांबारवडी. किल्ल्याच्या पडक्या भिंतीजवळून जाताना ती चार पावलं मागे राहायची; बोळात वळलो की बरोबरीने चालायची आणि भराभर बोलायची. "आज दोनच वड्या खाईन," असं रोज ठरवायची आणि सहा खाऊन यायची. एवढ्या लोकांनी एकाच आठवड्यात आमची वाट पाहावी, याचंच मला अप्रूप वाटत होतं.

मी पुरुषांत बसायचो, ती आत बायकांत. विणकराच्या घरी बायकांचे हात रिकामे नसतात. रहाटावर सूत गुंडाळून, मागात आडवा धागा फेकणाऱ्या धोट्यासाठी कांड्या भरणं गप्पा मारतानाही चालूच. तिनेही रहाट मागून घेतला. पहिल्या दिवशी सूत तीनदा तुटलं. एक काकू म्हणाली, "कापूस येचनारी हाये वं ही, सूत काय समजन तिले?" सगळ्या हसल्या, तीही हसली. चौथ्या दिवशी बोळात तिने मला बोटं दाखवली. सुताने लाल झाली होती. "आता तुटत नाही," म्हणाली.

सहाव्या दिवशी चौकात मोठे बाबा भेटले. "कधी येता गा जेवाले?"

"उद्याच येतो," मी घाईने म्हणालो. फारमाचा विषय डोक्यात होता.

त्यांनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. "या," म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्यांच्या दारात पाय ठेवला आणि मागाची खटखट ऐकून उंबऱ्यातच थांबलो. उद्या बाजार होता. बाजाराच्या आदल्या दिवशी विणकराच्या घरी पाहुणा जात नाही. लुगडं सकाळपर्यंत मागावरून उतरायचं असतं. माग थांबल्यावरच चूल पेटते. जन्मापासून ठाऊक असलेली गोष्ट मी दोन वर्षांत विसरलो होतो.

मागाखाली पाय सोडायच्या खड्ड्यातून न उठता मोठे बाबा म्हणाले, "बसा. कालेजात बाजाराचा वार शिकवत नाई वाट्टे."

त्यांची बायको, आमची मोठी आई, रहाटावर होती. "आता मी सैपाक करू का कांड्या भरू, तूच सांग."

बायकोने पदर खोचला. "तुम्ही चुलीकडे जा, मोठी आई. कांड्या मी भरते."

पहिली कांडी मोठ्या बाबांनी अंगठ्याने दाबून पाहिली आणि धोट्यात घातली. मी त्यांच्या हाताशी कांड्या देत बसलो.

लुगडं उतरलं तेव्हा पानात कढी आणि भाकर होती, बस. आता विचारण्यात अर्थ नाही असं वाटत होतं, पण मुदत उद्याची होती. मी म्हणालो, "हिले नागपूरले नेतो म्हणतो. मॅट्रिकचा फारम भराचा हाये."

"काहून? इथं काय कमी हाये?" माझ्या उत्तराची वाट न पाहता ते स्वयंपाकघराच्या दाराकडे वळले. "सूनबाई, तुले जाचं हाये का?"

आमच्या घरात नव्या सुनेला असं समोरासमोर कुणी विचारत नसे. आणि मीही तिला तसं विचारलं नव्हतं. खोली सांगितली होती, पुस्तकं सांगितली होती, दोन रात्री गणितही शिकवलं होतं. जायचं आहे का, हे नाही. आतला बांगड्यांचा आवाज थांबला.

"जाचं हाये," ती म्हणाली. "पन गनित दुसऱ्या कोनाजवळ शिकन. हे शिकवता शिकवता चिडतात."

मोठी आई हसू लागली. मोठ्या बाबांनी मला विचारलं, "चिडतो का गा?"

"थोडासा."

"मंग पयले तिच्यासाठी मास्तर पाह्य. उद्या पयल्या गाडीनं जा दोघं."

तिने होकार दिला तो त्यांना, मला नव्हे. तरी मला इतका आनंद झाला, की मी तिसऱ्यांदा कढी मागितली आणि मोठी आई म्हणाली, "सरली."