तालुका नाय येत

भिंतीवर माझा अंगठा होता. प्रोजेक्टरवर, हातभर मोठा.

वेबसाइटमधला दोष दाखवायला मी माझ्या फोनचा फोटो काढून पाठवला होता. त्यात फोन धरलेला अंगठाही आला होता. तडा गेलेली काच, काळपट नख. सोमवारची मीटिंग. नवीन पनवेलमधलं आमचं ऑफिस, खाली मेडिकल, वर आम्ही नऊ जण. सरांनी फोटो आणखी मोठा केला.

"हा फोन कुठल्या म्युझियममधून आणलास?"

केदार खुर्चीत मागे रेलला. साइटचा कोड त्याचा. म्हणाला, "सर, कातकरवाडीसाठी वेगळी वेबसाइट काढू या. कोळशावर चालणारी."

सगळे हसले.

मीही हसले. ते मला अजून गिळता आलेलं नाही.

ऑफिसात मी एवढंच सांगितलं होतं, पळस्प्याकडे राहते. पळस्प्याच्या पुढे आत वळलं की आमची वाडी, हे सांगितलं नव्हतं. पण शाळा सोडल्याचा दाखला फायलीत होता. त्यावर जात छापलेली असते. कुणीतरी वाचली. मग सगळ्यांनी वाचली. तोंडावर कुणी काही बोललं नाही, फक्त डबा खायला बोलवायचं बंद झालं. मी जिन्यात बसून खायचे. खालून मेडिकलवाल्याचा रेडिओ ऐकू यायचा.

बाप कोळशाच्या भट्ट्या लावायचा. मी आश्रमशाळेत शिकले, पनवेलला कॉम्प्युटरचा कोर्स केला. वाडीतली पहिलीच. इथे मी टेस्टर होते. दुसऱ्याने बनवलेली साइट वेगवेगळ्या फोनवर, वेगवेगळ्या ब्राउजरमध्ये उघडून बघायची, कुठे अडते ते लिहून द्यायचं. पहिल्याच दिवशी सरांनी खणातले सगळे जुने फोन माझ्याकडे सरकवले होते. "तुला ह्यांची सवय असेल." दोन वर्षं मी त्या वाक्याला कौतुक समजले.

काम होतं एका संस्थेचं. मुलींच्या वसतिगृहाचा प्रवेश अर्ज. त्यात जिल्हा निवडला की त्या जिल्ह्यातल्या तालुक्यांची यादी आपोआप यायची, पान पुन्हा उघडावं लागायचं नाही. नव्या ब्राउजरमध्ये पापणी लवायच्या आत यायची. जुन्या फोनवर येतच नव्हती. केदारने यादी मागवायची जी नवी पद्धत वापरली होती, ती त्या ब्राउजरला ठाऊकच नव्हती. ब्राउजर तिथेच अडायचा. चुकलं असंही सांगायचा नाही. नुसतं चाक फिरत राहायचं. तालुका नाही म्हणजे पुढचं पान नाही. पुढचं पान नाही म्हणजे अर्ज नाही.

मी तीनदा लिहून दिलं. तिन्ही वेळा केदारने एकच शेरा मारून माझी नोंद बंद केली. 'माझ्याकडे चालतंय.'

त्या मीटिंगनंतर मी त्याचा कोड वाचायला घेतला. कुणी शिकवलं नाही. आठवडा गेला. मग कळलं, जुन्या पद्धतीने यादी मागवायच्या दहा-बारा ओळी घातल्या की दोन्हीकडे चालतं. ओळी लिहिल्या, खणातल्या प्रत्येक फोनवर चालवून बघितल्या. यादी आली. पनवेल, उरण, कर्जत. एकटीच बघत बसले. दाखवायला कुणी नव्हतं.

केदारकडे गेले. त्याने कानातला हेडफोनसुद्धा काढला नाही.

"टेस्टरने टेस्ट करावं."

साइट तशीच सुरू झाली.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी वनिताचा फोन आला. वनिता माझी मावसबहीण, नुकती दहावी पास झालेली.

"ताई, जिल्हा येतो. तालुका नाय येत. नुस्तं गोल गोल फिरतंय."

"कधीपासून करतेस?"

"सकाळधरनं. सुमन पण हाय इथं. तिचा पण नाय येत. आमीच काय चुकतो का?"

ती चुकत नव्हती. पण तिने पहिलं तेच विचारलं. आमच्यात पहिलं तेच विचारतात.

सुमन तिच्याच वर्गातली. मी दोघींना पनवेलला बोलावलं. वनिता आली, तिचा अर्ज मी एका सायबर कॅफेत भरला. सुमनला तिच्या बापाने सोडलं नाही. "फोनवर होतंय बोलले ना? मग गाडीभाडं कशाला?" सुमनचा अर्ज राहिला. तशा किती राहिल्या, मला माहीत नाही. कुणालाच माहीत नाही. जो अर्ज पोचतच नाही, त्याची नोंद कुठे होणार?

पुढच्या आठवड्यात संस्थेची तक्रार आली. सरांनी मला केबिनमध्ये बोलावलं. टेबलावर कागद होता, मागची तारीख घातलेला. 'सर्व ब्राउजरमध्ये तपासणी केली. दोष आढळला नाही.' खाली माझं नाव.

"सही कर."

"सर, मी तीनदा लिहून दिलं होतं."

"टेस्टर कोण आहे? तू. मग राहिलं कुणाकडून?" मग आवाज उतरवून, समजावल्यासारखं, "तुम्हा लोकांना संधी द्यायची म्हणून ठेवलं तुला. विसरू नकोस."

पेन माझ्यासमोर ठेवलं. दारात केदार उभा होता, फोनमध्ये बघत.

दोन वर्षं त्या ऑफिसात मी जपून 'नाही' म्हणत आले होते. 'ही'वर जोर देऊन. त्या दिवशी तोंडातून घरचा शब्द आला.

"नाय करणार."

"काय म्हणालीस?"

"नाय करणार सही. हे खोटं हाय."

पेन मी उचललं नाही.

माझ्या तीन नोंदी, तारखांसकट, मी जागेवर येऊन संस्थेला पाठवल्या. अर्ध्या तासात माझा कॉम्प्युटर बंद केला, उद्यापासून येऊ नकोस म्हणाले. जिना उतरताना मागून कुणी आलं नाही.

संस्थेचं उत्तर आलं, 'माहितीबद्दल आभार.' मुदत वाढली नाही. सुमन यंदा आईबापाबरोबर वीटभट्टीवर गेली.

घरी आई म्हणाली, "एक सही केली असतीस तर काय झिजली असतीस?" मी तिला समजावायचा प्रयत्न केला. ब्राउजर, कोड, यादी. ती ऐकत राहिली, मग उठून चुलीकडे गेली. ऑफिसात मी वाडीची, वाडीत मी ऑफिसची. जिथे बसेन तिथे एकटी.

परवा खारघरला मुलाखत होती. समोरच्या बाईंनी विचारलं, "आधीची नोकरी का सोडली?" मी सगळं सांगितलं. कोण आहे, कुठली आहे, कशावर सही केली नाही. त्यांनी फाइल मिटली. "कळवू."

कळवणार नाहीत. ठाऊक आहे.

उद्या दुसरीकडे बोलावलंय. तिथेही विचारतील. तिथेही हेच सांगणार, वाडीच्या नावासकट. आणि घेतलं, तर जे चालत नाही त्याला चालत नाही असंच लिहिणार. कुणी नोंद बंद केली, तर पुन्हा लिहिणार.